पांढऱ्या वाटीचा सांधा

उजवा पाय जरा जपून टाका. बसची पायरी उंच आहे आणि आता तुमचा उजवा खुबा पूर्वीसारखा राहिलेला नाही. 1960 सालच्या लँकेशायरमध्ये यायचं तर इथलं एखादं दुखणं उसनं घ्यावंच लागतं. या प्रवासाचं तेवढंच तिकीट. काठी डाव्या हातात धरा. हो, डाव्याच. दुखरा पाय उजवा असेल तर आधार विरुद्ध बाजूला घ्यायचा, म्हणजे खुब्यावरचा भार हलका होतो. इथल्या म्हाताऱ्या खाणकामगारांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

उतरलात? हे विगन. नाकात पहिल्यांदा शिरतो तो कोळशाचा धूर. घराघरांतल्या शेगड्यांचा, गिरणीच्या चिमणीचा, आगगाडीच्या इंजिनाचा असा तिन्हींचा मिळून एकच. पावसाने भिजलेल्या लोकरी कोटांचा कुबट वास त्यात मिसळलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मांस भरून भाजलेल्या गरम ‘पाय’ची वाफ बाहेर येते आणि पोटात खड्डा पडतो, पण तिथवर जायला रस्ता ओलांडावा लागेल, आणि रस्ता दगडी फरसबंदीचा. एक पाऊल टाकून बघा. मांडीच्या मुळाशी, अगदी आत, काहीतरी खरखरतं. हाडावरची गुळगुळीत कूर्चा झिजून गेली आहे, आता हाडावर हाड घासतंय. कळ जांघेतून निघते आणि गुडघ्यापर्यंत जाते. रात्री कूस बदलली की जाग येते. सकाळी मोजा चढवायला पायापर्यंत हात पोचत नाही, म्हणून कुणालातरी हाक मारावी लागते. मोठ्या माणसाने रोज सकाळी मोज्यासाठी हाक मारायची, या गोष्टीचा त्रास कळेपेक्षा जास्त होतो.

ते खाणं राहू द्या. दुसरी बस पकडू, राइटिंग्टनची.

गावाबाहेर, हिरव्या उतारावर, बैठ्या लांबलचक इमारती दिसतात. हे रुग्णालय मुळात क्षयरोग्यांसाठी बांधलेलं, म्हणून खिडक्या मोठ्या, व्हरांडे उघडे आणि वारा सगळीकडून आत येणारा. क्षयावर औषधं आली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि त्या खाटांवर आता लंगडत येणारी माणसं झोपतात.

बाह्यरुग्ण विभागात बसायला जागा शोधा. सोपं नाही. बाकांवर दाटीवाटीने माणसं बसलेली आहेत आणि दुखऱ्या खुब्याचं माणूस सरळ बसत नाही, एक पाय लांब सोडून तिरकं बसतं, त्यामुळे तिघांच्या जागेत दोघंच मावतात. जंतुनाशकाचा उग्र वास, सिगारेटचा निळा धूर (इथे अजून कुणी कुणाला हटकत नाही), चहाच्या गाडीवरच्या कपबशांची किणकिण. तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी आयुष्यभर गिरणीत माग चालवले. त्या जरा जास्तच मोठ्याने बोलतात आणि तुमच्या ओठांकडे बघत ऐकतात, कारण मागांच्या खडखडाटात कान गेले आहेत. पलीकडच्या गृहस्थांच्या हाताच्या कातडीत कोळशाचे निळे डाग कायमचे मुरलेले. नर्स नाव पुकारते, एकेक जण उठतो, आणि उठताना प्रत्येकाच्या तोंडून तोच एक हुंकार निघतो. तुमच्याही निघेल.

दार धाडकन उघडून आत येतात ते जॉन चार्नली. चाल झपाट्याची, बोलणं तोडून, नजर तुमच्या चेहऱ्याआधी तुमच्या चालीवर. ब्रिटनमध्ये सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, तेव्हा तुम्हीही मिस्टर चार्नलीच म्हणा. ते तुम्हाला आडवं करतात, गुडघा धरून पाय आत-बाहेर फिरवतात. डोळ्यांत पाणी येतं. त्यांना हवं ते कळलेलं आहे.

त्यांच्या डोक्यात काही वर्षांपूर्वीचा एक रुग्ण पक्का बसला आहे. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी खुब्याच्या हाडाचं डोकं कापून त्या जागी ॲक्रिलिकचा गोळा बसवायची पद्धत काढली होती. तसा गोळा बसवलेला तो माणूस हलला की सांधा कर्रकर्र वाजायचा. जेवणाच्या टेबलावर जरा पुढे वाकला तरी वाजायचा, आणि बायको त्या आवाजाला कंटाळून गेली होती. लोकांना तो किस्सा वाटला. चार्नलींना ते घर्षण ऐकू आलं. सांधा करकरतो म्हणजे तो अडतो, आणि अडणारा गोळा दर पावलाला आपल्याच खुंट्याला हाडात ढिला करतो, असा त्यांचा विचार.

म्हणून त्यांनी निरोगी सांध्याचं घर्षण मोजलं. ते बर्फावरून घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी भरलं. कूर्चेची ही किमया धातूला आणि प्लॅस्टिकला जमत नाही, शरीरातलं वंगणही त्यांच्यावर तसं काम करत नाही. तेव्हा मुळातच निसरडा असेल, तेलपाण्याची वाट बघणार नाही, असा पदार्थ हवा.

हात पुढे करा. ते तुमच्या तळव्यावर एक पांढरा ठोकळा ठेवतात. दिसतो मेणासारखा, पण लागतो भलताच जड. अंगठा फिरवून बघा. बोट थांबतच नाही. हे टेफ्लॉन. 1938 साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांच्या हाती हे अपघाताने लागलं. वायूच्या नळकांड्यातून वायू येईना, वजन मात्र भरलेल्या नळकांड्याएवढंच, आणि कापून पाहिलं तर आत पांढरी भुकटी. कार्बनची लांब सरळ साखळी आणि तिच्याभोवती फ्लोरिनच्या अणूंचं घट्ट वेष्टन. हे वेष्टन कुणालाच चिकटू देत नाही. आम्लं त्याला काही करत नाहीत, शरीरातले रसही करणार नाहीत. पोलादावर टेफ्लॉन घासलं की त्याचा अगदी पातळ थर पोलादाला लागतो आणि मग टेफ्लॉनवर टेफ्लॉनच घसरत राहतं. घन पदार्थांत याहून निसरडं काही सापडणं अवघड. तुम्ही असता तरी हेच निवडलं असतं. मीही.

गोळा ज्यात फिरतो त्या टेफ्लॉनच्या सुरुवातीच्या वाट्या चार्नलींनी घरच्या लेथवर स्वतः कातल्या. रुग्णालयातून दमून घरी गेलेला सर्जन लेथ लावून उभा आहे आणि पात्याखालून पांढरा कीस वेटोळं घेत बाहेर पडतो आहे, हे चित्र मला फार आवडतं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या शरीरात काय जाणार आहे ते त्या हातांना नेमकं माहीत असायचं.

आता शस्त्रक्रिया. तुम्हाला भूल देतील, पण आपण काळातले पाहुणे आहोत. तुमचं शरीर टेबलावर राहू दे, तुम्ही माझ्याबरोबर कोपऱ्यात उभे राहा. दिव्यांची धग, रबरी हातमोजे, उकळून काढलेल्या हत्यारांचा धातूचा वास. हाडावर करवत चालते तेव्हा सुतारकामाचाच आवाज येतो, उगाच दुसरा काही असेल असं समजू नका. हाडाचं झिजलेलं डोकं निघतं. त्याच्या जागी पोलादी खुंटा आणि त्याच्या टोकाला लखलखीत गोळा.

गोळ्याकडे नीट बघा. इतका लहान का? निसर्गाने दिलेला गोळा चार सेंटीमीटरहून मोठा, आणि चार्नलींनीही आधी तेवढाच वापरला होता. पण मोठ्या गोळ्यावर घर्षणाचा जोर मध्यापासून दूर लागतो, त्यामुळे वाटी जागची फिरवायला बघतो. गोळा लहान केला की तो पीळ कमी, शिवाय वाटीची भिंत जाड ठेवता येते. कमी करत करत ते सुमारे 22 मिलिमीटरवर आले. पोलाद लहान, प्लॅस्टिक जाड. लहान गोळ्याच्या सांध्याची पुढची बरीच घराणी इथून निघाली.

नाक दाबू नका, हा वास ओळखीचा आहे. दाताच्या दवाखान्यातला. ॲक्रिलिकची पूड आणि उग्र वासाचा द्रव वाडग्यात कालवला की कणकेसारखा लगदा होतो, आणि मॅंचेस्टरच्या दंतरुग्णालयातल्या डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने चार्नली तोच मांडीच्या हाडाच्या पोकळीत भरतात. मग खुंटा आत. बघता बघता तो लगदा तापतो, हातमोज्यातूनही चटका जाणवावा इतका, आणि घट्ट होतो. हा डिंक नाही. हाड आणि धातू यांच्यातली फट तो भरून काढतो आणि भार सगळीकडे सारखा वाटतो. शेवटी गोळा पांढऱ्या वाटीत बसवतात. चार्नली पाय हलवतात. आवाज नाही. अडखळणं नाही.

पुढचे कित्येक दिवस तुम्ही उताणे, दोन पायांमध्ये उशी बांधून. वॉर्डात ओळीने खाटा, मधोमध टेबल, सिस्टरच्या बुटांचा टकटक आवाज आला की सगळ्यांची चादर आपोआप सरळ. दुधाचा चहा ठरल्या वेळी येतो. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली की नातेवाईक निमूट निघतात. शेजारच्या खाटेवरचा खाणकामगार रात्री घोरतो आणि सकाळी तुमच्याकडे वर्तमानपत्र सरकवतो. बिल येणार नाही, हे तुम्हाला दोन-तीनदा सांगावं लागतं, कारण तुम्ही आपल्याकडून आला आहात.

आणि मग एका सकाळी नर्स म्हणते, “हळू, लव्ह, हळू.” इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, लाजू नका. तुम्ही उभे राहता. पाऊल टाकता.

कळ नाही.

दुसरं पाऊल. नाही. तुम्ही थांबून खाली बघता, पाय आपलाच आहे ना म्हणून. वर्षानुवर्षं पार्श्वभूमीला सतत वाजणारं काहीतरी अचानक बंद झालं आहे. वॉर्डातले सगळे तुमच्याकडे बघून हसताहेत, कारण त्यांचाही हा चेहरा करून झाला आहे. घरी गेल्यावर पहिल्याच सकाळी तुम्ही खुर्चीवर बसता, वाकता आणि मोजा स्वतः चढवता. कुणाला हाक मारावी लागत नाही. तुम्ही तो काढता आणि पुन्हा चढवता.

पुढचं एक वर्ष जरा भराभर ओलांडू, सुखाचं आहे. विगनच्या बाजारात तुम्ही पिशवी घेऊन चालता, ‘पाय’च्या दुकानासमोर रांगेत उभे राहता, बसच्या वरच्या मजल्यावर चढता. दर पावलाला त्या लहानशा वाटीवर तुमच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. चालतं-फिरतं माणूस एका पायाने वर्षाला साधारण 10 लाख पावलं टाकतं. तुम्ही मोजत नाही. वाटी मोजते.

दुसऱ्या हिवाळ्यात काहीतरी बिनसतं. बूट घालताना जाणवतं की उजवी टाच जमिनीला जरा आधी टेकते... नाही, उशिरा. पाय किंचित आखूड झाला आहे. सांधा घट्ट वाटतो. जांघेत एक बोथट, जुनी, ओळखीची कळ परत आली आहे. तुम्ही स्वतःला सांगता, थंडी आहे.

राइटिंग्टनचा तोच हॉल. या वेळी बोलणं कमी आहे. बाकावर तुमच्याच वॉर्डातले चेहरे आहेत. घोरणारा खाणकामगार आहे आणि त्याच्या हातात परत काठी आहे. त्याने ती डाव्या हातात धरली आहे.

अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांचा फोटो उजेडावर लावतात. प्लॅस्टिक त्यात दिसत नाही, पोलादी गोळा मात्र ठळक दिसतो, आणि तो जिथे बसवला होता तिथे नाही. वर सरकला आहे. पोलादाने टेफ्लॉनमध्ये भुयार खणायला घेतलं आहे. घर्षण होतं तेवढंच, अगदी कमी. सांधा एकदाही करकरला नाही. तरी वाटी संपत चालली आहे.

इथे क्षणभर थांबा, कारण साऱ्या कथेचा खिळा इथेच ठोकलेला आहे. घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर्षण म्हणजे सरकताना होणारा विरोध, तो आत्ता, हाताला लागतो. झीज म्हणजे सरकून झाल्यावर काय गमावलं याचा हिशेब, आणि तो लाखो पावलांनंतर मिळतो. टेफ्लॉन निसरडं आहे ते त्याचे रेणू एकमेकांनाही धरून ठेवत नाहीत म्हणून. पत्त्यांच्या कॅटला बाजूने ढकललं की पानं जशी एकमेकांवरून निसटतात, तसे त्याचे थर निसटतात. जी गोष्ट त्याला गुळगुळीत ठेवते तीच त्याला भाराखाली थराथराने सोलून काढते. अंगठ्याने परीक्षा घेणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

सुटलेला चुरा जातो कुठे? शरीराच्या संरक्षक पेशी तो गिळायला धावतात, पचवू शकत नाहीत, आणखी पेशी बोलावतात. दुसऱ्यांदा खुबा उघडतात तेव्हा आत चीजसारखा मऊ, पांढरट लगदा साचलेला असतो आणि त्याने आजूबाजूचं हाडही पोखरायला सुरुवात केलेली असते. आम्लालाही दाद न देणारा पदार्थ, ठोकळा असताना शरीराने मुकाट सोसला होता. त्याचीच भुकटी झाल्यावर शरीर खवळलं.

असे रुग्ण जवळपास 300. चार्नली एकेकाला बोलावतात, काय झालं ते तोंडावर सांगतात, आणि वाट्या एकेक करून स्वतः काढतात. त्यांचा चेहरा बघा. घाईने चालणारा माणूस तोच आहे, पण दारातून आत येताना आता दार धाडकन उघडत नाही. मधल्या काळात त्यांनी काच आणि इतर कठीण पदार्थ मिसळून टणक केलेलं टेफ्लॉनही वापरून पाहिलं. यंत्रावर ते कितीतरी जास्त टिकलं. माणसाच्या शरीरात मात्र त्यातल्या कठीण कणांनी पोलादी गोळाच घासून खरबरीत केला, आणि खरबरीत गोळ्याने वाटी आणखी खाल्ली.

तुमचा दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी नंबर लागायला अवकाश आहे. तोवर काठी घ्या आणि आवाराच्या कडेच्या वर्कशॉपकडे चला. सर्वांत जास्त मला तुम्हाला तिथेच न्यायचं होतं.

दार उघडण्याआधीच आवाज येतो. खट-सर्र, खट-सर्र, खट-सर्र. आत गरम तेलाचा, लोखंडाच्या किसाचा, थंड झालेल्या चहाचा वास. बाकावर फाइल्स, ड्रिल, पकडी, आणि या सगळ्यात बाह्या सरसावलेला हॅरी क्रेव्हन. तरुण मिस्त्री, मोठ्या पदव्या नाहीत, हात मात्र असा की चार्नलींनी सांगायचं आणि याने बनवून ठेवायचं. कोपऱ्यात त्याने उभं केलेलं यंत्र आहे. दिखाऊ काही नाही त्यात, काटकसरीने जमवलेले भाग आहेत. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पोलाद भार देऊन दाबायचं आणि मागे-पुढे घासत राहायचं, दिवसभर, रात्रभर, रविवारीही. एकाच वेळी अनेक नमुने. बसा त्या स्टुलावर. लय इतकी एकसारखी आहे की थोड्या वेळाने तुमचा श्वासही तिच्यात जाऊन बसतो. अधूनमधून हॅरी यंत्र थांबवतो, नमुना पुसतो, मायक्रोमीटर लावतो, वहीत आकडा लिहितो आणि परत चालू करतो. बोलत नाही. आकडे वाईट आहेत.

1962 चा मे महिना. दारात एक विक्रेता उभा आहे, हातात नमुन्यांची बॅग. तो रुग्णालयासाठी आलेलाच नाही. लँकेशायरच्या सुती गिरण्यांना मागाची प्लॅस्टिकची दंतचक्रं विकणारा माणूस आहे तो.

एखाद्या विणकामखात्यात जाऊन आल्याशिवाय त्याची बॅग कळायची नाही. चला, पटकन. दार उघडताच आवाज कानावर नाही, छातीवर आदळतो. शेकडो माग एकाच वेळी, धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक फेरीला फटका. हवेत कापसाचे तंतू, जमिनीवर तेलाचा चिकट थर, घशात खवखव. बाया एकमेकींशी ओठांनी बोलतात. परळ-लालबागच्या जुन्या कामगारांना इथे आणलं तर त्यांना वाट विचारावी लागणार नाही. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं लँकेशायरच्याच कारखान्यांतून बोटीने आलेली होती, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची पाटी आपल्याकडच्या खात्यांतही होती. अशा ठिकाणी जे प्लॅस्टिक दर मिनिटाचा मार आणि घासणं सोसून टिकतं, ते लेचंपेचं नसतं. विक्रेत्याच्या बॅगेत तेच आहे. जर्मनीहून येणारं, फार लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन.

परत वर्कशॉपमध्ये. तुकडा बघा, टेफ्लॉनइतकाच पांढरट, पण हलका. चार्नली येतात, तो हातात घेतात, अंगठ्याचं नख त्यात रुतवून बघतात आणि यात वेळ घालवू नका असं सांगून निघून जातात. त्यांचा राग करू नका. 300 माणसांचं ओझं खांद्यावर आहे, आणि पॉलिथिलीन म्हणजे बादल्या आणि डबे असंच तेव्हा सगळ्यांच्या मनात आहे. शिवाय अंगठ्याला ते टेफ्लॉनइतकं निसरडं लागतच नाही, आणि अंगठ्याचं खरंच आहे, त्याचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्तच असतं.

चार्नली परिषदेसाठी कोपनहेगनला जातात. हॅरी तो तुकडा कापतो, यंत्रावर चढवतो आणि खटका दाबतो. कुणी सांगितलं नव्हतं.

खट-सर्र, खट-सर्र. तुम्ही बसून राहा. बाहेर दिवस उजाडतो आणि मावळतो, इथे दिव्याचा पिवळा उजेड तेवढाच. हॅरी सकाळी येतो, थांबवतो, पुसतो, मोजतो. मायक्रोमीटर परत शून्यावर आणून पुन्हा मोजतो, कारण आकडा पटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यंत्र रात्रंदिवस तीन आठवडे चालतं. आणि तीन आठवड्यांत त्या तुकड्याची जेवढी झीज होते, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही भरत नाही.

पोलाद तेच, भार तोच. फरक रेणूंच्या बांधणीत. टेफ्लॉनच्या साखळ्या सरळ आणि अलिप्त, या साखळ्या अतिशय लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या. एक ओढली तर शेजारच्या दहा तिला धरून ठेवतात. पृष्ठभाग जरा जास्त विरोध करतो, पण सहजी चुरा सोडत नाही. परतल्यावर चार्नली आकडे बघतात, यंत्रापाशी उभे राहतात, आणि नखाचा निकाल मागे घेतात. आपलं म्हणणं तीन आठवड्यांच्या मोजमापापुढे सोडून द्यायला जे धैर्य लागतं ते त्यांच्यात होतं, आणि सांगितलं नसताना यंत्र लावायचं धैर्य हॅरीत होतं. मला या दोघांतला एकही निवडता येत नाही.

तरी चार्नली लगेच कुणाच्या शरीरात ही वाटी घालत नाहीत. पोळलेला माणूस आहे. दोन्ही प्लॅस्टिकची बारीक भुकटी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतात आणि वाट बघतात. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी बोटांना स्पष्ट गाठी लागतात, घातलं त्याच्या जवळजवळ दुप्पट झालेल्या. पॉलिथिलीन जेमतेम हाताला लागतं. 1963 साली ते हे ‘लॅन्सेट’मध्ये छापतात. तुमच्या खुब्यात ज्याने त्रास दिला तेच त्यांनी आपल्या अंगावर घेऊन पाहिलं, हे ध्यानात ठेवा.

नोव्हेंबर 1962 पासून नव्या वाट्या बसू लागतात. तुमचाही नंबर येतो. या वेळी शस्त्रक्रियागृहात काचेची एक खोलीवजा पेटी उभी केलेली आहे आणि वरून गाळलेली स्वच्छ हवा सतत खाली सोडतात, जंतू जखमेत पडू नयेत म्हणून. मग तोच दाताच्या दवाखान्यातला वास, तीच धग, तोच लहान गोळा. वाटी तेवढी वेगळी.

घरी जाण्याआधी एक कागद पुढे येतो. तुम्ही गेल्यावर हा सांधा अभ्यासासाठी परत काढून घ्यायला संमती द्याल का? वर्षानुवर्षं चालल्यावर प्लॅस्टिक किती झिजलं, हे शेवटी त्यातूनच कळणार आहे. वॉर्डात कुणी फारसं कचरत नाही. खाणकामगार सही करतो आणि पेन तुमच्याकडे देतो. करा सही. पहिल्या वाटीने फसवलेल्या माणसांनी दुसऱ्या वाटीची साक्ष द्यायचं कबूल केलं, आणि पुढे कितीतरी जणांनी खरोखरच सांधे परत दिले. चार्नलींनीही नवी वाटी जगाला वाटत सुटण्याची घाई केली नाही, अनेक वर्षं आपल्या रुग्णांचे फोटो काढत आणि मोजत राहिले.

आता काठी बाकाला टेकवून ठेवा, आणि खुबा इथेच परत करा. आपल्या काळात आलात.

धातूचा गोळा आणि त्या जातीच्या पॉलिथिलीनची वाटी, ही जोडी साठ वर्षांनंतरही जगभर वापरात आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठल्याही शहरात तुमच्या ओळखीतल्या कुणाचा खुबा बदलला असेल तर आत धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बहुधा याच प्लॅस्टिकच्या सुधारलेल्या भावंडावर फिरतो. किरणांचा मारा करून त्याच्या साखळ्या एकमेकींना आणखी घट्ट जोडायचं तंत्र आलं आणि झीज अजून कमी झाली. जुन्या प्रकारात ती वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असायची. कमी, पण शून्य नाही. तो सूक्ष्म चुरा आजही काही जणांत सांध्याभोवतीचं हाड पोखरतो, आणि ते बराच काळ दुखत नाही, करकरत नाही, चालताना कळत नाही. फोटोत मात्र दिसतं. तेव्हा घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला असेल आणि डॉक्टरांनी तपासणीसाठी, फोटोसाठी ठरावीक काळाने बोलावलं असेल, तर सगळं छान चाललंय म्हणून ती फेरी चुकवू देऊ नका. सोबत जा, आणि गोळा जागेवर आहे ना, एवढं डॉक्टरांना विचारून या.